विजयकरबाईंची चौकट

आमच्या परळच्या कॉलेजात मॅडम पुष्कळ होत्या, बाई एकच. प्राणिशास्त्राच्या प्रमिला विजयकर. नवीन लागलेली एखादी लेक्चरर त्यांना 'मॅडम' म्हणाली की त्या मागे वळून बघायच्या आणि म्हणायच्या, "मॅडम कोण गं? इथे तर मीच उभी आहे. मला बाई म्हण." प्रिन्सिपॉलसुद्धा बाईच म्हणायचे. मी तिथली लायब्ररियन. बाईंना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्यावर लिही, लिही म्हणून सगळे माझ्याच मागे लागलेत. का, तर म्हणे त्यांच्याशी सगळ्यात जास्त तूच भांडायचीस. हे मात्र खरं. त्यांच्याशी दोन शब्द भांडल्याशिवाय मला दुपारचा चहा गोड लागायचा नाही.

बाई ठेंगण्या. गोरापान रंग, कानाच्या खाली कापलेले पांढरे केस, सुती साडी नेहमी घोट्याच्या चांगली वर. गिरगावातल्या फणसवाडीत जन्मल्या आणि तिथेच राहिल्या. घराणं जुन्या मुंबईकर पाठारे प्रभूंचं, त्यामुळे मासळी हा त्यांच्याकडे जेवणाचा नाही, अभिमानाचा विषय. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "कोणी मापात बसला नाही." पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

माप हा त्यांचा जीव की प्राण. इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, लिपस्टिक असते. बाईंच्या पर्समध्ये व्हर्निअर असायचा. दोन जबड्यांत वस्तू धरली की तिची नेमकी लांबी सांगणारी ती स्टीलची पट्टी. कँटीनच्या अण्णाचा वडा त्या आधी मोजायच्या आणि मग खायच्या. अण्णा बिचारा बाई आल्या की आत जाऊन बसायचा.

मी लालबागची, सासर मालवणी. माझ्या डब्यात एकदा तळलेले बोंबील होते. मी पहिला उचलणार, तेवढ्यात बाई ओरडल्या, "थांब, खाऊ नकोस!"

"का? काय पडलंय त्यात?"

"काही नाही. हात बाजूला कर."

आणि चक्क माझा बोंबील मोजायला घेतला हो! सगळी स्टाफरूम बघतेय. मला असा राग आला! मी म्हटलं, "अहो बाई, तळल्यावर आखडतात ते. ह्या मापाला काय अर्थ आहे?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शैला, तू लायब्ररीत फुकट गेलीस गं," म्हणाल्या, आणि व्हर्निअर पर्समध्ये टाकला. मी जिंकले म्हणून खूश, तर दुसऱ्या दिवसापासून माझ्यामागे लकडा, की कच्चे बोंबील घरी मोजून आण. मी आणलेही, काय करणार? पट्टी घेऊन ओट्याशी उभी राहिले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ह्या काय चल्लाहा तुझा? बोंबलाक काय ब्लाऊज शिवतलंस?"

स्टाफरूममध्ये कोणी म्हटलं, "पूर्वी पापलेटं केवढी मोठी यायची!" की बाईंचा प्रश्न ठरलेला. "मोजलं होतं का?"

"मोजलं नाही, पण चांगलं आठवतंय."

"मग ती आठवण झाली. माप नव्हे."

बोलणाऱ्याचं तोंड उतरायचं. मी बाईंना म्हणायचे, "अहो, जरा हो ला हो करावं माणसाने." त्यावर त्या नुसत्या हसायच्या. असल्या बाबतीत हो ला हो करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

हे मोजण्याचं वेड उगाच नव्हतं, एवढं मला पुढे कळलं. मे महिन्यात लायब्ररीच्या पंख्याखाली बसून त्यांनी मला समजावलं होतं. "समुद्र तापतोय. गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, आणि अंगातली कामं मात्र घाईघाईने चालतात. म्हणजे भूक जास्त आणि दम कमी. मग जीव लवकर वयात येतो, अंडी घालतो, आणि तेवढाच राहतो. वाढतच नाही. आता तू तीन मजले चढून आलीस. जातील तुला ह्या उकाड्यात दोन पोळ्या? त्यांचं बारा महिने असंच."

"म्हणजे मासे लहान होणार?"

"मासे, खेकडे, बेडूक, पक्षीसुद्धा. जगभर लोक बघतायत. पण आपल्याकडचं काय, हे मला बघायचंय. आणि मासे घेऊन चालणार नाही. मोठे मोठे आपण पकडून खातो, मग लहानच उरणार. त्यात उन्हाचा दोष किती आणि जाळ्याचा किती, कोण सांगणार? मला असा जीव हवा जो कोणाच्या ताटात येत नाही."

तो जीव त्यांनी शोधला होता. समुद्रकाठच्या खडकांना चिकटून बसणारी, फार तर बोराएवढी होणारी काळसर गोगलगाय. नेरिटा तिचं नाव. बाजारात तिला कोणी विकत नाही, जाळ्यात कोणी धरत नाही. खडकावर बसायचं आणि खडक चाटायचा, एवढाच तिचा संसार. बाई तिच्याबद्दल अशा बोलायच्या की मला वाटे फणसवाडीतल्या कोणा शेजारणीचं चाललंय.

आणि ह्या नेरिटावरूनच पुढचं सगळं झालं.

आमच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर प्राणिशास्त्राचं संग्रहालय होतं. खोली कसली, बोळच. पण छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर काचेच्या बरण्या. साप, खेकडे, मासे, शंखशिंपले. जुन्या पिढ्यांतल्या मुलांनी सहलीला जाऊन वाळकेश्वरच्या, वरळीच्या खडकांवरून आणलेले. प्रत्येक बरणीवर निळ्या शाईत जागा, साल आणि आणणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव. आत शिरलं की फॉर्मॅलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. मॅनेजमेंटला ती खोली हवी होती. तिथे कॉम्प्युटर मांडून मुलांसाठी स्किल सेंटर काढायचं होतं. बरण्या हलवा, असा हुकूम आला.

बाई हटून बसल्या. त्यांनी बरण्यांतल्या सगळ्या जुन्या नेरिटा काढून मोजल्या. मग वाळकेश्वरला जाऊन आजच्या गोळा केल्या आणि त्याही मोजल्या. आजच्या लहान भरल्या. थोड्याथोडक्या नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतील इतक्या. बाईंनी मॅनेजमेंटपुढे दोन्ही ताटलीत मांडल्या आणि म्हणाल्या, "समुद्र आजच्यापेक्षा थंड होता तेव्हा हे जीव केवढे होते, ह्याचा पुरावा मुंबईत कुठे असेल तर ह्या खोलीत. बरण्या फेकाल तर पुरावा फेकाल."

मॅनेजमेंट गार! हुकूम मागे घेतला. एवढंच नाही, बरण्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. गेटवर बाईंच्या फोटोचा बॅनर लागला. बाई त्याच्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "फोटोत माझी उंची वाढवलीय कोणीतरी." पण मनातून खूश होत्या. अख्ख्या स्टाफसाठी घरून कोलंबीचं भानोलं करून आणलं. मी दोनदा घेतलं. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाही खूप बरं वाटत होतं.

प्रदर्शनाला माजी विद्यार्थी आले. त्यात माटुंग्याचे एक डॉक्टर होते, पिकलेले केस, गडगडाटी हसू. नेरिटाच्या बरणीपाशी आले आणि बायकोला हाका मारायला लागले. "अगं, इकडे ये! हे बघ माझं नाव!" सगळे जमले. डॉक्टर रंगात आले. "ह्या शंखासाठी मी कंबरभर पाण्यात उभा होतो. आमचे सर म्हणायचे, ज्याचा सगळ्यात मोठा, त्याचं नाव बरणीवर. काय चढाओढ असायची! माझ्या मित्राने टोपलीभर आणले होते, सरांनी तिथल्या तिथे समुद्रात रिकामी केली."

सगळे हसले. बाईंच्या हातात पेढ्यांचं ताट होतं. त्या हसल्या नाहीत.

"का रिकामी केली?" त्यांनी विचारलं.

"लहान होते ना सगळे. लहानसहान कोण ठेवतं?"

बाईंनी पेढ्यांचं ताट माझ्या हातात दिलं आणि बाहेर गेल्या. मला काही कळलं नाही. मला वाटलं, बीपी वाढलं.

पुढचा आठवडाभर बाई फोनवर. जुन्या विद्यार्थ्यांची नावं बरण्यांवर होतीच. जो जो सापडला त्याला त्यांनी विचारलं, तुम्ही शंख कसा निवडलात? सगळ्यांचं उत्तर तेच. मग एका दुपारी लायब्ररीत येऊन माझ्यासमोर बसल्या.

"शैला, माझं काम गेलं."

"म्हणजे?"

"जुन्या बरणीत बसलाय त्या दिवशीचा पहिलवान. लाखात एक निवडून आणलेला. आणि त्याच्याशेजारी मी आजचा रस्त्यावरचा कोणीही उभा केला. मग आजचा लहान दिसणारच. समुद्र तापो न तापो." पुढे म्हणाल्या, "आणि गंमत बघ. मी इथलीच विद्यार्थिनी, माझी स्वतःची बरणी आहे तिथे. खेकड्याची. मी पण मोठाच शोधला होता. इतकी वर्षं सहलीला निघताना वर्गात काय सांगते मी? मुलांनो, चांगला मोठा नमुना आणा. रोज तोंडाने म्हणत होते आणि माझ्याच कानांना ऐकू येत नव्हतं."

मी उठून दार लावलं. "बाई, हे कोणाला बोललात?"

"अजून नाही. बुधवारी मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये बोलणार."

"अजिबात बोलायचं नाही! अहो, तुम्हीच सांगता ना, जगभर प्राणी लहान होतायत म्हणून? तुमचं उत्तरही तेच आलंय. मग बिघडलं कुठे?"

"उत्तर बरोबर असेलही. बहुतेक आहेच. पण ह्या बरण्यांवरून ते निघत नाही. पेपरात एखाद्याने उत्तर बरोबर लिहिलं आणि रीत चुकलेली असली, तर मी मार्क देत नाही. मग स्वतःला देऊ?"

"खोली जाईल."

"जाईल."

"बरण्या जातील, बाई."

ह्यावर त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग "जातील गं," म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लायब्ररीत फॉर्मॅलिन नव्हतं. मला काय करावं सुचेना, म्हणून मी आणखी चिडले. "त्या तुमच्या खरेपणाला घाला चुलीत!" म्हटलं.

"चहा सांग," बाई म्हणाल्या.

बुधवारी मीटिंगला लायब्ररीतर्फे मी होते. बाई उभ्या राहिल्या. कागद नाही, काही नाही. "मी तुम्हाला दाखवलेली तुलना चुकीची आहे. चूक माझी आहे," म्हणाल्या, आणि पहिलवानाची गोष्ट सगळ्यांना कळेल अशी सांगितली.

अध्यक्ष भला माणूस. ते म्हणाले, "बाई, एवढं बारीक कोण बघतंय?"

"मी बघते."

"बरं, मग ह्या बरण्यांचा आता उपयोग काय?"

इथे काहीतरी ठोकून द्यायला काय हरकत होती? मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. बाई म्हणाल्या, "शिकवायला उपयोग आहे. जो प्रश्न मी विचारला होता, त्याला नाही."

सुटीत खोली रिकामी झाली. काही बरण्या दुसऱ्या कॉलेजने नेल्या, काही फुटल्या. नेरिटाच्या मात्र मी कोणाला न विचारता लायब्ररीच्या कपाटात विश्वकोशामागे लपवून ठेवल्या. बाईंना सांगितलं नाही. मी त्यांच्याशी बोलतच नव्हते. इतका राग आला होता मला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता, आणि तो वाटतोय म्हणून पुन्हा राग. त्याच वर्षी बाई रिटायर झाल्या. मला वाटलं, आता घरी बसतील, भानोली करतील.

कसल्या बसतात! एक दिवस लायब्ररीत हजर. हातात लोखंडी सळीची चौकट. लालबागच्या वेल्डरकडून करून घेतलेली, साधारण चहाच्या ट्रेएवढी.

"रविवारी सकाळी चांगली ओहोटी आहे. वाळकेश्वरला ये. जुनी सँडल घाल."

"मी तुमच्याशी बोलत नाहीये."

"बोलू नकोस. नुसती ये."

गेले. कशी नाही जाणार? पाणी मागे हटलं होतं. बाई जपून जपून खडकांवर गेल्या, समुद्राकडे पाठ केली, आणि चौकट खांद्यावरून मागे फेकली. खणकन आवाज झाला.

"अशी का फेकता? बघून ठेवा ना."

"बघून ठेवली की हात आपोआप मोठ्यांकडे जातो. माझा तर नक्कीच जाईल, इतक्या वर्षांची सवय. म्हणून बघायचंच नाही. पडेल तिथे पडेल. आतल्या सगळ्या मोजायच्या, लहान-मोठ्या सगळ्या, आणि जिथल्या तिथे परत ठेवायच्या."

त्या मोजायच्या, आकडा सांगायच्या, मी मोबाईलवर लिहायचे. असं दर ओहोटीच्या रविवारी. कधी जुने विद्यार्थी यायचे. माटुंग्याचे डॉक्टर एकदा आले ते घडीची खुर्ची घेऊन, चेहरा पाडून. "बाई, त्या दिवशी मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं." बाई म्हणाल्या, "तुम्ही बोललात म्हणून मी वाचले. नाहीतर चुकीचंच शिकवत मेले असते. खुर्ची कोरड्यावर ठेवा." फिरायला येणारे लोक वरून बघायचे. एकाने विचारलं, "आजी, काही हरवलंय का?" बाई म्हणाल्या, "हो. सापडलं की सांगते."

मी एकदा विचारलं, "बाई, हे उत्तर मिळणार कधी?"

"मला नाही मिळणार. तीस-चाळीस वर्षं जावी लागतील."

"मग कशाला हा खटाटोप? गुडघे बघा तुमचे."

बाई चौकटीवर वाकलेल्या होत्या, तशाच म्हणाल्या, "आमच्या सरांनी लहान फेकून दिले, म्हणून माझ्या हातात काही उरलं नाही. सर वाईट नव्हते गं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. पण मला आता माहीत आहे. चाळीस वर्षांनी इथे कोणीतरी बाई येईल, माझ्यासारखीच डोकं फिरलेली. तिला मी फसवणार नाही."

त्यानंतर मी 'कशाला' असं पुन्हा विचारलं नाही.

शेवटचं त्यांना मी तिथेच पाहिलं. हाडाच्या डॉक्टरांनी खडकांवर जायला साफ बंदी केली होती. मी पायऱ्यांवर रस्ता अडवून उभी राहिले, ओरडले, रडायचीच बाकी होते. बाईंनी माझा खांदा धरला आणि माझ्याच आधाराने खाली उतरल्या. काय करणार अशा बाईला?

चौकट फेकली ती पडली अगदी उघड्याबोडक्या खडकावर. आत एकच नेरिटा, मुगाच्या दाण्याएवढी. आणि हातभर अंतरावर एका भेगेत अशा टपोऱ्या टपोऱ्या दाटून बसल्या होत्या की विचारू नका. मला राहवेना. एवढा जीव धोक्यात घालून उतरलो, ते ह्या एका दाण्यासाठी? मी हळूच सँडलच्या टोकाने चौकट तिकडे ढकलली.

"पाय काढ."

"अहो बाई, थोडीशी तर सरकवली. कोणाला कळणार आहे?"

"कोणाला नाही. पण जिच्यासाठी मोजतोय, ती फसेल."

चौकट त्यांनी होती तिथे परत ठेवली. मग गुडघा दोन्ही हातांनी धरून, तोंडातून आवाज न काढता, खाली बसल्या. तो मुगाचा दाणा बोटांच्या चिमटीत उचलला, मोजला, आकडा सांगितला, मला पुन्हा वाचायला लावला. आणि ओल्या खडकावर, जिथून घेतला त्याच जागी, परत ठेवला.

भरती लागली होती. पहिल्या लाटेचं पाणी बाईंच्या साडीच्या काठापर्यंत आलं. मी त्यांच्या काखेत हात घातला. "चला बाई, झालं ना आता? उठा, पाणी आलं!"

बाई उठल्या नाहीत. त्यांनी दोन्ही तळहातांचा आडोसा त्या गोगलगायीभोवती धरला होता.

"थांब गं," म्हणाल्या. "तिने अजून खडक धरला नाही."